गुडघाभर पाणी

कागदात लिहिलंय:
खजुराच्या जोडझाडापासून गुडघाभर पाण्यापर्यंत
समुद्र आमचा.
शिक्का आहे, दोन साक्षीदारांचे अंगठे आहेत.
गुडघा कुणाचा, ते नाही.

केर्केनाच्या बेटांवर समुद्राच्या वाटण्या होतात शेतासारख्या.
भाऊबंदकी असते, बांध कोरण्याची भांडणं असतात,
बांध म्हणजे खजुराच्या झावळ्या,
चिखलात रोवलेल्या, वाकडी वई घालावी तशा,
आणि शेवटी एक टोपली.
भरतीबरोबर बोय येते.
पाणी परततं, बोय राहते.
माशामागे धावायचं नसतं, बाबा सांगायचे,
त्याने आपल्या पायांनी यावं.
मी विचारायची, माशाला पाय कुठे?
बाबा म्हणायचे, म्हणून तर वेळ लागतो.

बाबांच्या उजव्या गुडघ्यावर एक वण आहे,
मोटारीच्या पात्याचा.
मी नऊ वर्षांची असताना शेवटच्या झावळीपाशी
पाणी बरोबर त्या वणाला टेकायचं.
तेव्हा खाली गवत होतं, हिरवंगार, कंबर हलवणारं,
आणि गवतात म्हाकुळाची अंडी,
काळ्या द्राक्षांच्या घोसासारखी.

मग रात्री दिवे येऊ लागले.
स्फाक्सकडून, साखळ्या ओढत.
सकाळी किनाऱ्यावर गवताचे ढीग, मुळांसकट,
कुणी गादी उसवून टाकावी तसे.
मोन्जीकाका त्यात काठीने उकरत बसायचे.
काय शोधता, विचारलं तर म्हणायचे, काही नाही.
ते पूर्वी स्पंज काढायचे.

जोडझाडातलं एक झाड मिठाने मेलं.
कागद मात्र अजून जोड म्हणतो.

आणि एका सप्टेंबरात खेकडा.
निळ्या नांग्यांचा, आमच्या भाषेत नाव नसलेला.
टोपली उपसली तर आत बोयींची डोकीच होती,
आणि तो,
घरमालकासारखा पुढे येऊन उभा.
जाळी कातरली त्याने, बोटं कातरली,
बाबांनी त्याला वल्ह्याने ठेचला
आणि वल्हं तीन वेळा धुतलं.

पुढल्या वर्षी गोठवणारी कंपनी आली.
किलोला भाव आला, बोयीच्या निम्मा,
पण बोय कुठे होती?
आता मी पिंजरे टाकते.
सांगायला लाज नाही, त्याच पैशांतून छप्पर झालं.
बाबा त्या छपराखाली जेवतात,
खेकड्याला मात्र तोंड लावत नाहीत.
ईयादला शाळेत सांगितलं, आपल्या समुद्रातला प्राणी काढा.
त्याने निळा खडू घेतला
आणि दहा पाय मोजून काढले.
बाबांनी चित्र बराच वेळ धरलं,
म्हणाले, पाय छान आलेत.

परवा मोजणीदार आले, हातात यंत्र घेऊन.
हद्द कुठे?
बाबा पाण्यात चालत गेले, जुन्या झावळीच्या खुंटापाशी थांबले.
पाणी मांडीच्याही वर, पँट फुगलेली.
यातलं किती पाणी चढलं
आणि किती बाबा खचले,
ते यंत्रात येत नव्हतं.
साहेब कागद वाचून म्हणाले,
गुडघाभर लिहिलंय, आजोबा. ही तर कंबर झाली.

बाबा परत आले. वण झाकलेलाच.
काही बोलले नाहीत, वाद घालणारा माणूस असूनही.
मग नातवाच्या खांद्यावर हात ठेवला.
जा रे. गुडघ्याला लागलं की ओरड.

ईयाद हसत धावला,
चौथ्या पावलाला थांबला,
हात वर करून ओरडला.
आम्ही तिघे अजून कोरड्या वाळूत होतो,
त्याने काढून ठेवलेल्या बुटांपाशी.